सीपॅपचा मास्क घरी कसा धुवावा, कसा टिकवावा

माझ्या वडिलांना सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, लागलं तेव्हा पहिले दोन महिने छान गेले. घोरणं थांबलं, सकाळची डोकेदुखी गेली, दुपारी पेपर वाचता वाचता मान टाकणं बंद झालं. तिसऱ्या महिन्यात मास्कच्या कडेने फुर्र फुर्र आवाज यायला लागला. हवा थेट डोळ्यांत जायची आणि ते वैतागून उठून बसायचे. आम्ही पट्टे आवळले. आवाज थोडा कमी झाला, पण नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठला. अजून आवळले, तर तिथली कातडी सोलवटली. शेवटी मास्क घेऊन तंत्रज्ञाकडे गेलो. त्याने आतल्या सिलिकॉनवरून बोट फिरवलं आणि ते माझ्यासमोर धरलं. बोट तेलकट झालं होतं. "आधी हे साबणाने धुवा, मग पट्टे सैल करा," एवढंच तो म्हणाला.

आम्ही मास्क धूत नव्हतो असं नाही. आठवड्यातून एकदा, डेटॉलच्या पाण्यात बुडवून, वर उन्हात वाळवत होतो. त्यात किती चुका होत्या हे नंतर कळलं, आणि घरोघरी नेमक्या याच चुका होतात हेही कळलं. म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतो आहे.

हवेचा टेकू

मास्क का धुवायचा हे समजायला तो काय काम करतो ते आधी पाहू. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. स्लीप ॲप्निया असलेल्या माणसात ते इतके सैल पडतात की हवेची वाटच मिटते. श्वास काही सेकंद थांबतो, रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू दचकून झोप मोडतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. माणसाला जाग आल्याचं आठवतही नाही, पण हे रात्रभर चालू राहतं. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली दाखवून दिलं की नाकातून सतत थोड्या दाबाने हवा सोडली तर ती हवाच घशाला आतून टेकू देते आणि वाट मिटत नाही. तेव्हाचे मास्क रोज रात्री चक्क चेहऱ्याला चिकटवावे लागत. हवा निसटू न देणं हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनचा आहे.

हा दाब फार नसतो. मशीनवर ४ ते २० असे आकडे दिसतात, ते सेंटीमीटर पाण्याचे. दाब १० वर असेल तर पेल्यात दहा सेंटीमीटर उंच पाणी घेतल्यावर तळावर जेवढा भार पडेल, तेवढाच. इतका हलका टेकू कडेने हवा सुटली की लगेच ढासळतो. मशीन जास्त हवा सोडून भरपाई करायला बघतं, पण त्यालाही मर्यादा आहे. रेसमेड या कंपनीच्या मशीनमध्ये मिनिटाला २४ लिटरपर्यंतची गळती चालते, त्यापुढे गेली की सकाळी पडद्यावर मास्क नीट बसला नसल्याचा इशारा येतो. इतर मशीनमध्येही गळतीची नोंद असतेच. ती रोज सकाळी बघायची सवय लावून घ्या. मास्क मळलाय की नाही, हे डोळ्यांआधी तो आकडा सांगतो.

हवा अडवण्याचं काम करते ती कुशनची पातळ पाकळी, म्हणजे चेहऱ्याला टेकणारा सिलिकॉनचा मऊ भाग. हवा सुरू झाली की ती आतून फुगते आणि गालाच्या, नाकाच्या उंचसखल भागांवर स्वतःच बसते. पट्ट्यांनी मास्क फक्त जागेवर धरायचा असतो, दाबायचा नसतो. आपल्या त्वचेतून रात्रभर तेल झिरपतं. त्याचा थर पाकळीवर बसला की ती घसरायला लागते, आणि तो थर तसाच राहिला तर सिलिकॉन ते तेल शोषून घेतं, धुरकट होतं, लुळं पडतं. मास्क धुण्याचं पहिलं कारण हे तेल आहे. जंतूंचा मुद्दाही आहेच, पण रोजच्या रोज उपचार बिघडवतं ते तेल.

रोज सकाळची तीन मिनिटं

सकाळी उठल्यावर कुशन फ्रेमपासून सोडवा. पहिल्या वेळी सोडवताना फोनवर व्हिडिओ काढून ठेवा, परत जोडताना उपयोगी पडतो. पट्टे रोज धुवायचे नसतात, ते काढून बाजूला ठेवा.

पाणी कोमट असावं, हाताला जेमतेम ऊब जाणवेल इतपत, म्हणजे ३० अंशांच्या आसपास. साबण साधा, सौम्य आणि द्रवरूप, बिनवासाचा मिळाला तर उत्तम. दोन थेंब पुरतात. मॉइश्चरायझर घातलेला साबण कातडीला बरा, मास्कला वाईट, कारण जे तेल काढायचं तेच तो पुन्हा चोपडून ठेवतो. अँटीबॅक्टेरियल साबणही नको, बहुतेक कंपन्या स्पष्ट नाही म्हणतात.

धुण्यासाठी एक वेगळं पातेलं किंवा छोटी बादली ठेवा. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका, तिथे फोडणीचं तेल आणि खरकटं असतंच. बोटांनीच चोळायचं, घासणी लावायची नाही. पाकळीच्या आतली दुमड विसरू नका. बाहेरून मास्क लख्ख दिसतो आणि त्या दुमडीत पिवळट थर साठलेला असतो. मग भरपूर पाण्यात खळबळून काढा. साबण राहिला तर गालावर पुरळ येतं, आणि मास्कची ॲलर्जी झाली असं समजून लोक नवा मास्क घेऊन येतात. बोट फिरवल्यावर सिलिकॉन कुरकुरलं पाहिजे, घसरता कामा नये.

धुऊन झालं की हलकेच झटकून, सुती पंच्यावर, सावलीत ठेवायचं. संध्याकाळपर्यंत आपोआप वाळतं. खिडकीत किंवा गॅलरीत जिथे कबुतरं बसतात तिथे कधीही ठेवू नका. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ फुप्फुसांना किती त्रास देते हे मुंबई-पुण्यात तरी नव्याने सांगायला नको. आणि जो मास्क रात्रभर नाकावर असतो, त्यात ती जाण्याइतकी वाईट गोष्ट नाही.

मास्कवर पुढच्या बाजूला बारीक भोकांची रांग किंवा जाळी असते. तो दोष नाही, ती मुद्दाम ठेवलेली वाट आहे. आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिथून बाहेर जातो. साबणाचा थर, धूळ, क्षार यांनी ती बुजली तर आपलाच उच्छ्वास पुन्हा आत घेतला जातो. धुतल्यावर मास्क उजेडासमोर धरून भोकं मोकळी आहेत ना ते पाहा. आवाज येतो किंवा शेजारी झोपणाऱ्याला वारं लागतं म्हणून त्यावर चिकटपट्टी लावणारे लोक मी पाहिले आहेत. असं अजिबात करू नका. टाचणी घालून भोकं मोठी करणंही तितकंच वाईट, त्याने दाबाचं गणित बिघडतं.

नाक आणि तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कमध्ये आणखी एक गोष्ट असते. जोडाच्या वाकड्या नळीजवळ एक लवचीक पापुद्रा असतो. वीज गेली, मशीन बंद पडलं की तो उघडतो आणि बाहेरची हवा आत येते. ज्या गावात रात्री-अपरात्री वीज जाते तिथे हा पापुद्रा फार महत्त्वाचा आहे. तो फाटलेला, चिकटलेला किंवा कडक झालेला दिसला तर तो मास्क वापरू नका. फक्त नाकावरच्या मास्कमध्ये तो नसतो, कारण तिथे तोंड मोकळं असतं.

डेटॉल, ऊन आणि उकळतं पाणी

आपल्याकडे स्वच्छतेचे तीन भरवशाचे उपाय आहेत: उकळून काढा, उन्हात टाका, डेटॉलमध्ये बुडवा. दुधाच्या बाटल्या, गाद्या, जखमा, सगळ्यांना हे चालत आलं आहे. सीपॅपच्या मास्कला यातलं एकही चालत नाही.

डेटॉलमध्ये क्लोरोझायलेनॉल असतं, त्याबरोबर अल्कोहोल आणि वासाची तेलं असतात. सिलिकॉन हे सगळं पिऊन ठेवतं आणि रात्रभर तीच वाफ आपण नाकाने घेतो. शिवाय प्लास्टिकच्या फ्रेमला बारीक तडे जातात. सॅव्हलॉन, सॅनिटायझर, स्पिरिट, ब्लीच यांनाही हेच लागू. उन्हाने सिलिकॉन पिवळं पडतं, हळूहळू कडक होतं आणि पाकळी फुगायचं विसरते. उकळत्या पाण्याने फ्रेम किंचित वाकते. ते डोळ्याला दिसत नाही, पण कुशन तिच्यात पूर्वीसारखं बसत नाही. प्रेशर कुकरची वाफ, भांडी धुण्याचं मशीन, हेअर ड्रायर हेही नको.

हे सांगितलं की घरातली मोठी माणसं विचारतात, मग जंतू मरणार कसे? प्रश्न रास्त आहे. हा मास्क एकाच माणसाचा आहे, त्याच्यावरचे जंतू बहुतांशी त्याच माणसाचे आहेत. जंतूंना वाढायला ओल आणि खाद्य लागतं. साबणाने तेल आणि थुंकी निघून गेली, मास्क पूर्ण वाळला, की दोन्ही संपतात. दवाखान्यात एकच मास्क अनेकांना वापरायचा असेल तर तिथे निर्जंतुकीकरणाची वेगळी पद्धत असते. घरी त्याची गरज नाही, आणि घरातल्या दोघांनी एक मास्क वापरणं तर नकोच.

याच धास्तीवर ओझोनचे आणि अतिनील किरणांचे डबे विकले जातात. मास्क आत ठेवा, बटण दाबा, काम झालं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२० मध्येच या डब्यांबद्दल सावध केलं होतं. ओझोन जंतू मारण्याइतका दाट असेल तर तो फुप्फुसांनाही घातक असतो. पुढच्याच वर्षी, जून २०२१ मध्ये, फिलिप्सने आपली लाखो मशीन परत मागवली. त्यांच्या आतला आवाज शोषणारा फोम झिजून त्याचे कण हवेत जाण्याचा धोका होता, आणि ओझोनने ती झीज वाढू शकते असं कंपनीने तेव्हा सांगितलं होतं. शिवाय असा डबा पाकळीवरचं तेल काढत नाहीच. ते पैसे नव्या कुशनसाठी ठेवा.

पाण्याची टाकी

हवा कोरडी लागू नये म्हणून मशीनला पाण्याची छोटी टाकी असते. मास्कइतकंच लक्ष तिच्याकडे द्यायला हवं, कारण कोमट, अंधारं, साचलेलं पाणी म्हणजे जंतूंना आणि बुरशीला आमंत्रण.

तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं. ते औषधाच्या दुकानात मिळतं. गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळणारं पाणी तसंच दिसतं, पण ते श्वासात घेण्यासाठी तयार केलेलं नसतं, ते नको. नळाचं पाणी उकळलं तर जंतू मरतात, पण क्षार तिथेच राहतात, उलट पाणी आटल्याने थोडे दाटच होतात. बोअरवेलच्या पाण्यावर जगणाऱ्या सोसायट्यांमध्ये आठवड्याभरात टाकीच्या तळाशी पांढरा थर दिसतो, बाथरूमच्या नळांवर दिसतो तसाच. आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, पण असतात. एखाद्या रात्री डिस्टिल्ड संपलं तर आरओचं पाणी उकळून, गार करून वापरा आणि दुसऱ्या दिवशी टाकी धुवा. रोजचा नियम मात्र करू नका.

रोज सकाळी उरलेलं पाणी ओतून द्या. चांगलं आहे, थोडंसंच वापरलंय, म्हणून त्यातच भर घालण्याचा मोह होतो, पण उरलेलं पाणी ओतूनच द्यायचं. टाकी खळबळून, उघडी ठेवून वाळवा. आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुवा. पांढरा थर आला असेल तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दहा भाग पाणी, दहा मिनिटं ठेवून खळबळून काढा. काही कंपन्यांचं प्रमाण वेगळं असतं, आपल्या मशीनचं माहितीपत्रक पाहा. टाकी भरताना ती मशीनमधून काढून मगच भरा. मशीनमध्ये पाणी शिरलं तर दुरुस्ती महागात पडते.

सर्दी झाली की टाकीत निलगिरीचे दोन थेंब, कापराची वडी किंवा विक्स टाकावं असं कोणीतरी सुचवतंच. नका टाकू. घशाला बरं वाटेल म्हणून घेतलेली पाच मिनिटांची वाफ वेगळी आणि आठ तास दाबाने फुप्फुसात जाणारी तेलाची वाफ वेगळी.

पट्टे, नळी, फिल्टर

पट्टे आठवड्यातून एकदा हाताने, साबणाच्या पाण्यात. पिळायचे नाहीत, पंच्यात दाबून पाणी काढायचं. वॉशिंग मशीनमध्ये त्यांचा ताण जातो. धुताना वेल्क्रो बंद ठेवा, नाहीतर त्यात दोरे अडकतात आणि ते धरेनासं होतं. पट्ट्यांचा खरा शत्रू खोबरेल तेल. झोपताना डोक्याला तेल लावायची सवय असेल तर ती सकाळवर न्या. पट्टे तेल पितात, सैल होतात, आणि आपण ते आवळत राहतो.

नळी आठवड्यातून एकदा आतून धुवा: साबणाचं पाणी भरून हलवा, दोन-तीनदा साध्या पाण्याने काढा, सावलीत उंच टांगून दोन्ही टोकं खाली सोडा. तापणारी नळी असेल तर तिच्या टोकाशी विजेचे जोड असतात, त्यामुळे आधी माहितीपत्रक वाचा. पावसाळ्यात, त्यातून कोकणात, नळी दोन-दोन दिवस वाळत नाही. पंख्याखाली टांगा, किंवा टाकी रिकामी ठेवून मशीनला जोडा आणि पंधरा-वीस मिनिटं हवा सोडा. वाळल्यावर टोकांना स्वच्छ सुती कापड बांधून ठेवा. आपल्या घरांत मुंग्या आणि झुरळं असतात, आणि नळी त्यांना आवडते.

फिल्टरबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण तो दिसत नाही म्हणून विसरला जातो. खोलीतली हवा आधी त्यातून जाते. पांढरा कागदी फिल्टर धुवायचा नसतो, धुतला की तो फाटतो किंवा गच्च होतो. तो बदलायचाच. करड्या स्पंजाचा असेल तर दोन आठवड्यांनी साध्या पाण्यात धुऊन, अगदी कोरडा करून बसवा. माहितीपत्रकात जो काळ दिलेला असतो तो कमाल धरा. समोर बांधकाम चालू असेल, रस्त्याकडेला घर असेल, दिवाळीचे दिवस असतील, तर महिनाभरातच कागद काळा पडतो. झोपायच्या खोलीत उदबत्ती, धूप, डासांची कॉइल लावू नका. फिल्टर धूळ अडवतो, धूर आणि वास पूर्ण अडवत नाही. डासांसाठी मच्छरदाणी सगळ्यांत चांगली.

रात्री मास्क लावण्याआधी

मास्क कितीही धुतला आणि चेहरा तेलकट असला तर काय उपयोग? झोपण्याआधी साबणाने चेहरा धुऊन कोरडा करा. रात्रीची क्रीम, पावडर नको. नाकाची कातडी सोलवटली म्हणून व्हॅसलिन लावू नका, त्याने सिलिकॉन बिघडतं. पाण्यात विरघळणारं मलम डॉक्टरांना विचारा. टिकली काढून झोपा, तिचा गोंद कपाळावरच्या गादीला चिकटतो आणि तिथून निघता निघत नाही. चमकी किंवा नथ असेल आणि तिथूनच हवा सुटत असेल तर दुसऱ्या आकाराचा मास्क करून बघावा लागतो. दाढी वाढलेली असेल तर पाकळी केसांवर बसते, कातडीवर नाही.

मास्क बसून लावू नका. आडवं व्हा, मशीन सुरू करा, मास्क चेहऱ्यापासून किंचित उचला, कुशन हवेने फुगू द्या आणि मग अलगद टेकवा. आडवं झाल्यावर गाल आणि ओठ मागे सरकतात, म्हणून बसून बरोबर बसलेला मास्क झोपल्यावर गळतो. पट्ट्याखाली एक-दोन बोटं सहज जायला हवीत.

काही मास्कच्या क्लिपमध्ये चुंबक असतात. पेसमेकर, शॉक देणारं हृदयातलं उपकरण, मेंदूतली धातूची क्लिप असं काही शरीरात असेल तर हे चुंबक किमान १५ सेंटीमीटर दूर असायला हवेत. फिलिप्सने २०२२ मध्ये आणि रेसमेडने २०२३ मध्ये याबद्दल सूचना काढल्या. हे शेजारी झोपणाऱ्यालाही लागू आहे. बिनचुंबकाच्या क्लिपचे मास्क मिळतात, ते मागून घ्या.

कधी बदलायचा

अमेरिकेत विम्याच्या वेळापत्रकाप्रमाणे मास्क तीन महिन्यांनी आणि कुशन त्याहून लवकर बदलून मिळतं. ते विम्याचं वेळापत्रक आहे, सिलिकॉनचं आयुष्य नव्हे. आपल्याकडे बहुतेकांना हा खर्च खिशातून करावा लागतो, म्हणून तारखेपेक्षा हातावर आणि डोळ्यांवर विश्वास ठेवणं मला योग्य वाटतं. नीट धुतलेलं कुशन त्या वेळापत्रकापेक्षा जास्त टिकताना मी पाहिलं आहे. पण धुऊनही चिकट लागतं, धुरकट किंवा पिवळं पडलंय, पाकळीला चीर गेली आहे, पूर्वीच्याच पट्ट्यांवर गळतीचा आकडा वाढतो आहे, यातलं काहीही दिसलं की ते बदलायचं. अख्खा मास्क घ्यायची गरज नसते, बहुतेक मास्कचं कुशन वेगळं मिळतं. मास्कचं नाव आणि आकार कुठेतरी लिहून ठेवा, दुकानात नुसतं मध्यम आकाराचं द्या म्हणून चालत नाही.

कुशन नवं, चेहरा स्वच्छ, तरीही गळती राहिली किंवा दिवसा पुन्हा झोप यायला लागली, तर मशीनचा दाब स्वतः बदलू नका. वजन घटलं-वाढलं, दात काढले, कवळी बसवली, तरी चेहऱ्याचा आकार बदलतो आणि मास्क बदलावा लागतो. त्यासाठी मास्क बरोबर घेऊन डॉक्टरांकडे किंवा तंत्रज्ञाकडे जा आणि तिथे आडवं होऊन तो लावून दाखवा.

आमच्या घरी वडिलांच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. कुशन कधी लावलं, फिल्टर कधी बदलला, टाकीला व्हिनेगर कधी दिलं, एवढ्याच तारखा. आता त्या तेच लिहितात, आणि फिल्टर दुकानातून आणायचा राहिला तर मलाच विचारतात.